व्हॉट्सॲपवर ‘कोर्टाची नोटीस’ आली म्हणून पैसे भरू नका

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते. बी.ए. झाले आहे, पण मूल लहान असल्याने बाहेर नोकरी करता येत नाही. फेसबुकवर ‘घरबसल्या डेटा एंट्री’ची जाहिरात पाहून फोन केला. सहा दिवसांत ६०० फॉर्म भरायचे, २४,००० रुपये मिळणार, आधी काही भरायचं नाही, असं सांगितलं. आधार, फोटो घेऊन ऑनलाइन करारावर सही घेतली. रात्री जागून काम केलं, तर शेवटच्या दिवशी वेबसाइटच उघडेना. मग फोन आला : अचूकता ९० टक्क्यांपेक्षा कमी, करार मोडला, ५,९०० रुपये भरा. घाबरून ३,००० भरले. आता परराज्यातल्या एका वकिलाच्या नावाने व्हॉट्सॲपवर नोटीस आली आहे. कोर्टखर्चासह १८,००० भरा, नाहीतर दोन दिवसांत पोलीस घरी येतील. घरी कोणालाच माहीत नाही. मला अटक होईल का?

उत्तर : ताई, कराराप्रमाणे काम झालं नाही या कारणासाठी तुम्हाला अटक होऊ शकत नाही. आता एक रुपयाही पाठवू नका.

करार पाळला गेला नाही, हा दिवाणी वाद. त्यात पोलिसांचं काम नसतं. फसवणुकीचा गुन्हा ठरायला सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू लागतो. रात्री जागून फॉर्म भरणाऱ्या बाईचा असा हेतू कोण म्हणेल? हेतू दिसतो तो समोरच्यांचा. हिशेब मांडा : एका फॉर्मला ४० रुपये. तालुक्याला टायपिंग करून देणाऱ्या कोणालाही हा दर सांगून बघा. त्यांना तुमचं काम नकोच होतं. पुसट अक्षरं, एक स्पेस जास्त पडली तरी चूक धरणारी तपासणी, ऐन वेळी बंद पडणारी वेबसाइट, हे सगळं या धंद्यात आधीच ठरलेलं असतं. सुरुवातीला पैसे मागत नाहीत म्हणून माणूस विश्वास ठेवतो, आणि नंतर भीती घालून ते वसूल केले जातात.

‘पण मी सही केली आहे’ हे तुमच्या मनात असेल. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १९ नुसार फसवून संमती घेतली असेल तर करार रद्द करण्याचा हक्क फसवलं गेलेल्या माणसाला आहे. शिवाय करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी कलम ७४ नुसार कोर्ट फार तर तेवढ्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं. नोटिशीत लिहिलं म्हणून ५,९०० चे १८,००० होत नाहीत.

वकिलाची नोटीस म्हणजे त्याच्या पक्षकाराचं म्हणणं, कोर्टाचा हुकूम नव्हे. तिच्यावर वकिलाचं नाव, सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक आणि पत्ता आहे का, ते पाहा आणि त्या राज्याच्या बार कौन्सिलकडे खात्री करा. सनद नसताना कोर्टात वकिली करणं हा ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ४५ खाली गुन्हा आहे. वकील खरा निघाला तर बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करा. ‘पैसे भरा नाहीतर पोलीस पाठवतो’ असं एखादा सनदधारक लिहीत असेल, तर मला एक वकील म्हणून त्याची चीड येते.

आज १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूपीआय व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा, बँकेलाही कळवा. पैसे अजून कुठल्या खात्यात शिल्लक असतील तरच ते गोठवता येतात, म्हणून ३,००० परत येतीलच असं मी सांगणार नाही. तरीही तक्रार हवीच, कारण तुमचं आधार त्यांच्याकडे आहे. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तपासा.

चॅट, कॉलची नोंद, करार, नोटीस यातलं काहीही डिलीट करू नका. धमकीचा प्रत्येक मेसेज तुमच्या बाजूचा पुरावा आहे. त्यांना एकच ईमेल पाठवा : ‘माझी संमती फसवून घेतली, करार रद्द करत आहे, पोलिसांत तक्रार केली आहे.’ त्यानंतर फोन उचलू नका. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. भारतीय न्याय संहितेची कलम ३१८ (फसवणूक), ३०८ (खंडणी) आणि ३५१ (धमकी) त्यात लिहा. आरोपी परराज्यातले आहेत म्हणून तक्रार नाकारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्ह्याची हद्द कुठलीही असली तरी पोलिसांना माहिती नोंदवून घ्यावी लागते. टाळाटाळ झाली तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. उद्या खरंच कोणी ‘पोलीस’ म्हणून फोन करून तिकडच्या ठाण्यात बोलावलं, तर लक्षात ठेवा : साक्षीदार म्हणून चौकशीसाठी महिलेला तिच्या राहत्या ठिकाणाबाहेर बोलावता येत नाही.

आणि नवऱ्याला आज रात्रीच सांगा. घरी कळेल या तुमच्या धास्तीवरच त्यांची वसुली चालते. तुम्ही चार पैसे मिळवायला गेलात, कष्ट केलेत. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पुन्हा काम शोधाल, तेव्हा केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल पाहा. तिथे नोंदणी मोफत आहे. कंपनी सरकारी नोंदीत सापडली एवढ्यावर विसंबू नका, खऱ्या कंपनीचं नाव लावूनही फसवतात. त्या कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून स्वतः फोन करा. चूक झाली तर तुम्हीच पैसे भरायचे, असं कलम करारात दिसलं की तिथेच थांबा. ‘पगारासाठी’ तुमचं बँक खातं किंवा सिम वापरायला मागितलं तर मुळीच देऊ नका; त्यावरून चोरीचे पैसे फिरले तर पोलीस आधी तुमच्याकडे येतील.

एक मात्र खरं : कोर्टाचं खरं समन्स आलं तर दुर्लक्ष करू नका. त्यावर खटल्याचा क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर तो किंवा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून पाहा. खटला दिसला तर कागद घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि १५१०० वर फोन करूनही मदत मागता येते.