अंगोरा ससा पाळून त्याच्या लोकरीचं सूत घरी कातता येतं का?

तुम्ही विचारलंय की विणकाम आणि क्रोशे चांगलं येतं, घरात ससा तर आणायचाच आहे, मग लोकर देणारा अंगोराच का आणू नये? घरच्या सशाची लोकर, घरीच कातलेलं सूत आणि त्याचा स्वेटर, असं जमतं का? एका दगडात दोन पक्षी, असंही लिहिलंय तुम्ही. (प्राणी पाळण्याच्या प्रश्नात ही म्हण तेवढी नको होती!)

जमतं. स्वेटर सोडून बाकी बहुतेक सगळं जमतं, स्वेटरचं पुढे सांगतो. पण माझं ऐकाल तर आधी टकळी आणा, ससा नंतर. मेंढीच्या लोकरीवर हात बसू द्या. मग ओळखीत कुणाकडे अंगोरा असेल तर त्याला एकदा सगळा विंचरून बघा. त्या कामाचा कंटाळा आला, तर आखूड केसांचा ससा पाळा आणि अंगोरा लोकर विकत घ्या. कातायला तुम्ही अधूनमधून बसाल, विंचरायला मात्र आठवड्यातून दोन-तीनदा बसावंच लागतं, आणि तेही पुढची आठ-दहा वर्षं.

माझ्याकडे दोन ससे आहेत. एक इंग्लिश अंगोरा मादी आणि एक साधा, आखूड केसांचा नर. दोघांचाही माझ्यावर सारखाच हक्क आहे, पण वेळेचा हिशोब काढला तर नराच्या वाट्याला फार थोडा येतो. त्याच्या अंगावरून अधूनमधून ब्रश फिरवला की झालं. मादीला टॉवेलवर घेऊन बसतो तेव्हा पाठीवरचे केस हाताने बाजूला करून फुंकर मारायची. फुंकर मारली की केसांत एक गोल भांग पडतो आणि तळाशी गुलाबी कातडी दिसते. ती दिसली म्हणजे तिथे गुंता नाही. असं करत मानेपासून शेपटीपर्यंत जायचं. गुंता होतो तो कानामागे, काखेत आणि शेपटीखाली, म्हणजे नेमका तिथेच जिथे तिला हात लावलेला आवडत नाही. गुंता ओढून वर धरायचा आणि कात्री चालवायची, हे कधीही करू नका. सशाची कातडी कागदासारखी पातळ असते, गुंत्याबरोबर तीही वर येते आणि कापली जाते. बोटांनी थोडा थोडा मोकळा करत जायचं. मागचे पाय नेहमी आधाराने धरा, कारण सशाने हवेत जोरात लाथ मारली तर त्याचं स्वतःचंच कंबरडं मोडू शकतं. आणि त्याला उताणं पाडून ‘बघा कसा शांत झालाय’ असं समजू नका. ते भीतीने गोठणं असतं.

लोकर काढायचे दोन मार्ग आहेत. इंग्लिश आणि फ्रेंच अंगोरातल्या बऱ्याच सशांचे केस साधारण दर तीन महिन्यांनी आपसूक सुटतात आणि बोटांच्या चिमटीत अलगद येतात. जर्मन अंगोराचे सुटत नाहीत, ते कात्रीने किंवा मशीनने कापावे लागतात. सुटलेला केस वेचणं वेगळं आणि न सुटलेला उपटणं वेगळं. २०१३च्या अखेरीस चीनमधल्या फार्मवर सशांचे केस ओरबाडतानाचा व्हिडिओ जगभर फिरला आणि कपड्यांच्या कितीतरी बड्या कंपन्यांनी अंगोरा वापरणं थांबवलं. त्यामुळे पुष्कळांना वाटतं की अंगोरा म्हणजे क्रूरता आलीच. घरी तसं होण्याचं काहीच कारण नाही. ससा अंग चोरतोय, कातडी लाल दिसतेय किंवा केस धरून राहिलाय असं वाटलं, तर थांबायचं आणि कात्री घ्यायची. कात्रीच्या लोकरीची टोकं जरा बोथट असतात, सूत किंचित कमी फुलतं. चालतं तेवढं.

आता लोकरीबद्दल. अंगोराचा तंतू साधारण ११ ते १५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो. मऊपणासाठी नावाजलेली मेरिनो बहुधा १८ ते २२च्या आसपास असते. शिवाय अंगोराच्या तंतूच्या आत हवेचे बारीक कप्पे असतात, म्हणून तो वजनाला हलका आणि ऊबेला जबरदस्त. उणीव एकच, आणि तीच स्वेटरला नडते: मेंढीच्या लोकरीत असतो तसा नागमोडी लवचिकपणा याच्यात नाही. ताणलेला मेंढीचा धागा परत जागेवर येतो, अंगोरा येत नाही. निव्वळ अंगोराच्या स्वेटरचे कफ लोंबतात, कोपरं बाहेर येतात, आणि घालणाऱ्याला त्यात घाम फुटतो तो वेगळाच. म्हणून मिश्रण करायचं. एक भाग अंगोरा, तीन भाग मेंढीची लोकर. इंग्लिश अंगोरापासून वर्षाला पाव ते अर्धा किलो लोकर मिळते (जर्मनपासून किलोभर किंवा जास्तही). समजा वर्षात ३०० ग्रॅम चांगली लोकर हाती लागली, तर मिश्रणाचं १२०० ग्रॅम सूत होतं. घरच्या घरी विणणाऱ्याला हे पुरून उरतं. एका सशात भागतं की नाही हा तुमचा उपप्रश्न होता, लोकरीपुरतं भागतं. सशाला मात्र एकट्याने करमत नाही, दोन आणा आणि दोघांचंही नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या. पिल्लं आवरायची म्हणून तर हवंच, पण ऑपरेशन न केलेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका बराच असतो.

काढलेली लोकर धुवायची गरज नसते. मेंढीच्या लोकरीला असतो तसा तेलकट चिकटा सशाच्या लोकरीला नसतो. काढता काढताच प्रत वेगळी करा. पाठीची आणि कुशीची लांब लोकर कातायला, मानेची आणि पायांची आखूड लोकर फेल्टिंगला (म्हणजे तंतू एकमेकांत घट्ट अडकवून नमदा करायला). पोटाखालची डागाळलेली आणि गुठळ्या झालेली सरळ टाकून द्या, जपून ठेवण्याचा मोह नको. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे थर देऊन सैल ठेवा. दाबून भरलीत तर पडल्या पडल्या तिचा नमदा होतो. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकायचा विचार मनात आला असेल तर सोडा, सशाच्या घरात त्या नकोतच. झाकण घट्ट बसणारं खोकं आणि अधूनमधून उघडून बघणं, एवढं पुरतं.

कातताना टकळी हलकी घ्या, २० ग्रॅमच्या आसपासची. जड टकळीच्या ओढीने तंतू एकमेकांवरून घसरतात आणि धागा तुटून टकळी जमिनीवर आदळते. आधी अंगोरा आणि मेंढीची लोकर दोन हातकार्डांवर (तारेचे दात असलेल्या फळ्यांवर) एकत्र पिंजा, त्याचे पेळू वळा आणि पेळूतून कातायला घ्या. हवा कोरडी असेल तर तंतू बोटांना चिकटतात, हाताला पाण्याचा जरासा ओलावा लावा. पीळ मेंढीच्या लोकरीपेक्षा जास्त द्यायचा. इथे नवशिका कचरतो, कारण जास्त पिळाचा धागा हातात सुतळीवजा वाटतो आणि एवढ्या मऊ लोकरीची आपण वाट लावली असं वाटायला लागतं. कातत राहा. दुपदरी करा, लडी करा, मग लडी कोमट पाण्यात भिजवून, पिळून, थंड पाण्यातून काढा आणि टॉवेलने टिपून न्हाणीघराच्या भिंतीवर चार-पाच वेळा चांगली आपटा. शेजारी ऐकू गेलं तरी आपटा. त्या आपटण्याने तंतूंची टोकं सुटतात आणि वाळताना धाग्याभोवती ती मऊ लव उभी राहते, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. वापराने ती आणखी फुलते. पिंजताना मास्क लावा, बारीक तंतू नाकात जातात. सशाची ॲलर्जी असलेल्या माणसाने मात्र घरच्या लोकरीच्या भानगडीत पडू नये. ॲलर्जी सशाच्या लाळेची आणि कोंड्याची असते, ती लोकरीबरोबर येतेच.

आखूड केसांच्या सशाचं काही करता येतं का, असं पुढे कुणी विचारेलच. त्याचा केस दोन-तीन सेंटिमीटरचा आणि निसरडा असतो, एकटा कातला जात नाही. मेंढीच्या लोकरीत दहावा हिस्सा मिसळला तर सामावतो. मी नराच्या झडलेल्या केसांचे, वरून मेंढीच्या लोकरीचा थर देऊन, सुईने टोचून छोटे प्राणी करतो. आतला गाभा कुणाला दिसत नाही.

घरात विणकाम आणि ससा एकत्र नांदवायचे तर एक गोष्ट कडक पाळावी लागते: जमिनीवर धागा नको. सशाला उलटी करता येत नाही. पोटात गेलेला दोरा, विशेषतः ॲक्रिलिकचा, पुढे सरकला तरच सुटका. वेताची किंवा बांबूची लोकरीची टोपली तर त्याला आपल्यासाठीच ठेवल्यासारखी वाटते, ती उंचावर ठेवा. लाकडी टकळीची दांडीही. चार्जरच्या वायरींचं सांगायला नकोच.

उलटी न होण्याचा दुसरा परिणाम अंगोरात जास्त दिसतो. ससा स्वतःला चाटतो, केस गिळतो. आतडी चालू असतील तर ते लेंड्यांतून निघून जातात. आतडी मंदावली की केस, अन्न सगळं अडतं. म्हणून त्याच्या खाण्यात मुख्य भाग वाळलेल्या गवताचा हवा, कायम समोर, हवं तेवढं, गोळीखाद्य मोजकंच. गवताची जाळी खालच्या बाजूला बांधा, नाहीतर कुसळं मानेच्या लोकरीत पडतात आणि पिंजताना तुम्ही ती एकेक वेचत बसता. अननसाचा रस किंवा पपई दिली की केस विरघळतात असं सगळीकडे वाचायला मिळेल. केस त्याने विरघळत नाहीत. लेंड्या बारीक व्हायला लागल्या किंवा केसाने एकमेकींना जोडलेल्या दिसल्या, तर विंचरणं वाढवा आणि गवत खातोय का बघा. दहा-बारा तास खाणं किंवा लेंडी बंद असेल तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि डॉक्टर ससा घरात येण्याआधी शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर भरपूर सापडतात, सशाची नीट माहिती असणारे कमी. कुत्र्यांचं फिप्रोनिल असलेलं पिसवांचं औषध सशाला लावलं तर जिवावर बेततं, हे ज्याला विचारावं लागत नाही तो डॉक्टर निवडा.

उकाड्याचंही बघा. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून जाते. पारा २८च्या वर गेला की साध्या सशालाही त्रास होतो, लोकरीच्या सशाला जास्त. उकाड्याचे दिवस लांबणार असतील तर लोकर वाढायची वाट न बघता अंग भादरून टाका, त्या खेपेची लोकर गेली तर गेली. गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवली की तो तिला टेकून पसरतो.

पहिलं काम म्हणून मनगटपट्ट्यांची जोडी घ्या. ४० ग्रॅम सूत पुष्कळ झालं, त्यात अंगोरा १० ग्रॅमच, म्हणजे एका बैठकीत विंचरून निघेल एवढा. मनगटाशी येणारी चार-पाच सेंटिमीटर रिब साध्या मेंढीच्या लोकरीची विणा, म्हणजे ती घट्ट बसेल, आणि मिश्रणाचं सूत तिथून पुढे लावा. टोपीलाही हीच युक्ती, कडेची पट्टी साध्या लोकरीची.