तारा अजून पेटलेला नाही, मग क्ष-किरण कुठून?

प्रश्न : सर, लाइट रात्रीची असली की ठिबक सुरू करायला मळ्यात जातो, तेव्हा मृगातला बाण दिसतो. त्याच्याखाली तारे जन्मताहेत आणि ते क्ष-किरणांनी पाहतात, असं तुम्ही मागच्या अंकात लिहिलं. दवाखान्यात मशीन किरण सोडतं. तिथं मशीन कोणी नेलं?
– एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, मशीन कोणी नेलं नाही. किरण त्या ताऱ्यांतूनच निघतात, आपण नुसती फिल्म धरून बसतो. तीही जमिनीवरून धरता येत नाही, कारण आपलं वातावरण क्ष-किरण अडवतं. म्हणून १९९९ साली क्ष-किरण टिपणारी चंद्रा वेधशाळा अवकाशात गेली. नाव आपल्या खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांचं!

बाणाखाली तीन फिकट ठिपके आहेत. मधला पिंजलेल्या कापसासारखा पुसट दिसतो, तो तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा ढग, सुमारे १,३५० प्रकाशवर्षं लांब. २००३ च्या जानेवारीत चंद्रानं जवळपास १३ दिवस त्याच्यावर नजर ठेवली आणि १,६०० हून अधिक क्ष-किरण स्रोत टिपले. बहुतेक सगळे कोवळे तारे.

यांतल्या बहुतेकांच्या पोटात हायड्रोजनची भट्टी अजून पेटलेली नाही. आकसताना जी उष्णता निघते, तिच्यावर ते उजळतात. मग क्ष-किरण कुठून? तारा गरगर फिरतो, आतला वायू उकळून वर-खाली होतो आणि जोरदार चुंबकीय क्षेत्र तयार होतं. दोराला जास्त पीळ बसला की तो कसा उसळतो, तुम्ही पाहिलंय. तशा या क्षेत्राच्या रेषा पिळवटतात, तुटून पुन्हा जुळतात आणि लगतचा वायू कोट्यवधी अंश तापतो. सूर्यावरही हेच घडतं. पण कोवळ्या ताऱ्याचे क्ष-किरण त्याच्या हजारपट असू शकतात.

क्ष-किरण या ढगाची धूळ भेदून येतात. तसं धुळीपलीकडचं अवरक्त, म्हणजे उष्णतेचे किरण टिपणाऱ्या, दुर्बिणीलाही दिसतं. पण तिला मागचे म्हातारे तारेही दिसतात, त्यांतून नवे निवडणं कठीण. म्हातारे क्ष-किरणांत मंद असतात. लहानपणी सारंगखेड्याच्या यात्रेत मी वडिलांच्या खांद्यावर बसायचो. घोड्यांच्या दाटीत शिंगरू दिसत नसे, पण त्याची बारीक खिंकाळी वेगळी ओळखू येई. क्ष-किरण म्हणजे मला ती खिंकाळी वाटते.

त्या १३ दिवसांत सूर्यासारख्या कोवळ्या ताऱ्यांवर जवळपास आठवड्याला एक मोठा भडका दिसला. आपला सूर्यही बाळपणी असाच भडकत असणार, आणि पृथ्वी त्याच्याच भोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीत घडत होती. हे मला फार मोठं वाटतं.

आता मळ्यात गेलात की मोटार सुरू करून बल्ब बंद करा. दहा-पंधरा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, मग मधला ठिपका पाहा.