वॉरंटीतली बॅटरी दुकानदाराकडे अडकलीये, पावती पण नाही, आता काय करायचं?

वारज्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. १४ महिन्यांपूर्वी त्यांनी नाना पेठेतल्या एका दुकानातून गाडीची बॅटरी घेतली, ५,८०० रुपये यूपीआयने दिले. वॉरंटी ३६ महिन्यांची, पहिले १८ महिने फ्री रिप्लेसमेंट, पुढचे १८ प्रोरेटा, म्हणजे उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात नव्या बॅटरीवर सूट. बिल म्हणून एस्टिमेटचा कागद मिळाला आणि वॉरंटी कार्डावर शिक्काच नाही. मे महिन्यात तीन आठवडे गावी जाऊन आल्या तर गाडी चालू होईना, शेजाऱ्यांनी दुसऱ्या बॅटरीला केबल जोडून जंप स्टार्ट करून दिली, दोन दिवस चालली आणि परत बंद. दुकानदार म्हणतो गाडी उभी होती म्हणून डिस्चार्ज झाली, त्यात तुम्ही डॅशकॅम (काचेजवळचा रेकॉर्डिंग कॅमेरा) बसवलाय आणि जंप स्टार्ट पण केलंय, वॉरंटीत बसत नाही, तरी ठेवून जा, कंपनीला दाखवतो. बॅटरी तिथं ठेवून १२ दिवस झाले, आता फोन उचलत नाही.

ताई, नमस्कार. एक काम आजच्या आज करा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर मेसेज टाका की अमुक तारखेला अमुक सिरियल नंबरची बॅटरी वॉरंटी क्लेमसाठी तुमच्याकडे जमा केली आहे, त्याची पोच आणि टेस्ट रिपोर्ट द्या. सिरियल नंबर वॉरंटी कार्डावर असेल, नसेल तर बॅटरी बसवताना किंवा जंप स्टार्टच्या वेळी कोणी फोटो काढला होता का ते शोधा. एवढी घाई का करायला सांगतेय, तर ती बॅटरी हाच तुमचा मुख्य पुरावा आहे आणि तो समोरच्याच्या ताब्यात आहे. जुन्या बॅटरीतल्या शिशाला भंगारात पैसे मिळतात, उद्या ती "चुकून" भंगारात गेली तर तपासायला काही उरणारच नाही. आणि दुसरं म्हणजे लेड ॲसिड बॅटरी चार्ज न करता तशीच पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट जमतं आणि ती आणखी खराब होते, म्हणजे आज वाचू शकणारी बॅटरी महिन्याभरानं खरंच जाईल आणि खापर तुमच्यावर फुटेल. म्हणून मेसेजमध्ये हे पण लिहा की जमा केली तेव्हा व्होल्टेज किती होतं ते मला सांगितलेलं नाही.

आता तुम्हाला कदाचित आवडणार नाही असं एक बोलते. दुकानदार बरोबर असू शकतो. बॅटरी डिस्चार्ज होणं आणि बॅटरीत दोष असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नुसत्या डिस्चार्जला कुठलीच कंपनी वॉरंटी देत नाही आणि ग्राहक आयोग सुद्धा तेवढ्यावर भरपाई देणार नाही. पण हे ठरवायचं टेस्ट करून, काउंटरवर उभं राहून तोंडी नाही. बॅटरी आधी पूर्ण चार्ज करायची, काही तास नुसती ठेवायची आणि मग व्होल्टेज बघायचं. १२.६ च्या आसपास टिकलं आणि लोड टेस्टला, म्हणजे भार टाकून घेतलेल्या चाचणीला, पण पास झाली तर बॅटरी ठीक आहे. पण पूर्ण चार्जनंतरही साडेदहाच्या आसपासच राहिली तर एक सेल गेल्याची दाट शक्यता, कारण आत सहा सेल असतात आणि प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर सहाही सेलमधल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी (घनता) वेगवेगळी घेता येते, पाच सेल चांगले आणि एकच खाली असेल तर "गाडी उभी होती" हे कारण तिथं टिकत नाही, कारण गाडी उभी राहिल्यानं सहाही सेल सारखेच उतरतात. हे आकडे तारीख आणि सिरियल नंबरसकट कागदावर मागा.

याच बरोबर तुमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडून गाडी पण तपासून घ्या, कारण केस पुढं गेली तर कंपनी पहिलं बोट गाडीकडेच दाखवेल. इंजिन चालू असताना चार्जिंग साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टच्या मधे हवं, आणि गाडी लॉक करून ठेवल्यावर किती करंट खेचला जातोय ते मोजायला सांगा, ५० मिलीअॅम्पियरच्या आत असेल तर सहसा काळजी नाही. डॅशकॅम किल्ली काढल्यावर पण चालू राहतो का हे मला प्रामाणिकपणे सांगा. राहत असेल तर तीन आठवड्यांत तो बॅटरी संपवू शकतो आणि मग तुमची बाजू लंगडी होते. बंद होत असेल तर तेच गॅरेजवाल्याच्या लेटरहेडवर लिहून घ्या, दोनचारशे रुपये जातील पण तो कागद फार कामाचा आहे.

शिक्का नाही, बिल नाही याचं टेन्शन घेऊ नका, मला तर या मुद्द्यावर दुकानदाराचाच राग येतोय. विकलेल्या मालाचं बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणजे चूक त्यानं करायची आणि तिचा फायदा पण त्यानंच घ्यायचा असं चालत नाही. तुमच्याकडे यूपीआयची नोंद आहे, एस्टिमेट आहे, कार्ड आहे, आणि विकत घेताना तुमच्या मोबाईलवर वॉरंटी रजिस्टर झाल्याचा एसएमएस आला असेल तर फारच छान, जुने मेसेज बघा. चॅट डिलीट करू नका आणि फोन बदलू नका, कारण नुसत्या स्क्रीनशॉटवर आक्षेप आला तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा. जंप स्टार्टचं म्हणाल तर केबल उलट्या लागल्या नसतील तर त्यानं बॅटरी जात नाही, "जंप स्टार्ट केलं म्हणून वॉरंटी संपली" असं कार्डावर कुठं छापलंय ते दाखवा म्हणावं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या, तुमचे १४ महिने झालेत, फ्रीचे १८ संपायला ४ महिने आहेत. आज बघू उद्या बघू करत तुम्हाला १९ व्या महिन्यात ढकललं की मग "आता प्रोरेटा" म्हणतील, आणि प्रोरेटाचा डिस्काउंट सहसा एमआरपीवर असतो, एमआरपी बाजारभावापेक्षा जास्त, त्यामुळे हातात फारसं काही पडत नाही. म्हणून कंपनीच्या कस्टमर केअरला थेट तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या, ईमेल पण टाका. तक्रारीची तारीख १८ महिन्यांच्या आतली लेखी असली की नंतर झालेल्या उशिराचं ओझं तुमच्यावर येत नाही.

आठ दहा दिवसांत हललं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंदवा, बऱ्याच कंपन्या तिथून विचारणा आली की जाग्या होतात. तरी नाही तर दुकानदार आणि कंपनी दोघांना १५ दिवसांची नोटीस, स्पीड पोस्टानं, साध्या मराठीत तुम्हीच लिहिलीत तरी चालते. त्यानंतर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. कंपनीचं ऑफिस कुठल्याही राज्यात असू दे, तुम्ही राहता तिथं तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवरून भरता येते आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. दोष शोधायला बॅटरी लॅबला पाठवा असा अर्ज पण तिथं करता येतो. मागणी माफक ठेवा: बॅटरी बदलून किंवा ५,८०० परत, टेस्टचा खर्च, थोडी त्रासाची भरपाई. लाखाची मागणी केली की उगाच संशय येतो. ५,८०० साठी वकील लावू नका, माझी सुद्धा फी त्याहून जास्त होईल, लिहायला मदत लागली तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटा, १९७४ साली ती चळवळ पुण्यातच सुरू झालीये आणि लोक मनापासून मदत करतात.

मधल्या काळात गाडी हवीच असेल तर दुसरी बॅटरी घ्या, पण पक्कं जीएसटी बिल घेऊन. जुन्या दुकानदारानं काही रक्कम देऊ केली तर "कुठलीही तक्रार उरली नाही" अशा कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. आणि बॅटरी बदलून मिळाली तर दुकानातून निघायच्या आधी नवा सिरियल नंबर कार्डावर लिहून, शिक्का मारून घ्या आणि वॉरंटी किती उरली ते विचारा, कारण बदललेल्या बॅटरीला सहसा जुन्याचीच उरलेली मुदत मिळते, नव्यानं ३६ महिने नाही.