अडतं कुठे ते आधी बघ

चि. मुलीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

इंटरव्ह्यूच्या तयारीसाठी तू इंग्रजीत बोललेलं रेकॉर्डिंग ऐकलं. इंग्रजी कच्चं आहे असं तू म्हणतेस, ते काही मला पटलं नाही. खटकलं ते वेगळंच. 'आय वॉज इन चार्ज ऑफ' म्हणालीस आणि गप्प! बोलताना थांबतात सगळेच, पण सरावलेला माणूस एक मुद्दा संपवून थांबतो. तू वाक्याच्या मधोमध थांबतेस. शब्द येत असतात, वेळेवर तोंडात येत नाहीत. मग आणखी शब्द पाठ करून काय होणार?

इंग्रजी मालिका बघ, पण तेवढ्यावर विसंबू नकोस. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच माध्यमात शिकली. त्यांना समजायचं उत्तम, बोलण्यात मात्र ती मागे. त्यावरून भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं की नुसतं ऐकून भागत नाही, बोलणं भाग पडलं पाहिजे. तुझं गुजरातीच बघ ना. घरात मराठी, पण बडोद्याच्या खंडेराव मार्केटात भाजीवाली "बोलो बेन, शुं आपुं?" म्हणाली की तेवढ्यात उत्तर द्यायचं, नाहीतर ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळणार. तिथे व्याकरण कोण तपासतंय!

आता असं कर. मराठीत झोपेतही सांगता येईल असा विषय घे. शेव-उसळ कशी करतात, वरची तिखट तरी वेगळी का देतात, हेच घे. एका मैत्रिणीला इंग्रजीत चार मिनिटं सांग, तेच दुसरीला तीन मिनिटांत, तिसरीला दोन. ऐकणारी बदलायलाच हवी. तीच ती असली तर तीही कंटाळेल आणि तूही. पॉल नेशन यांच्यासारखे भाषाशिक्षणाचे अभ्यासक ही पद्धत सुचवत आले आहेत. काय सांगायचं ते ठरलेलं असतं, त्यामुळे सगळं लक्ष कसं सांगायचं याकडे लागतं. तिसऱ्या खेपेपर्यंत 'यू हॅव टू', 'आफ्टर दॅट' असे तुकडे सुटे न राहता आपसूक तोंडात येऊ लागतात. मध्ये चूक झाली तर मागे जाऊन दुरुस्त करत बसू नकोस.

आणि घाई नको. मराठीतही तू सावकाश, तोलून बोलतेस; तो स्वभाव इंग्रजीत उतरणारच. क्लासवाले भराभर बोलायला लावतात, ते मला मुळीच मान्य नाही.

उसळ जमली की कॉलेजचा प्रोजेक्ट घे. इंटरव्ह्यूत बहुतेक त्यावरच विचारतील.

तुझे,
सर