रिमोटचा पंखा बसवला, भिंतीवरचा जुना रेग्युलेटर ठेवला तर चालेल का?

नाही, बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा) पंखा असेल तर रेग्युलेटर काढूनच टाका. या पंख्याला स्विचमधून थेट पूर्ण २३० व्होल्ट लागतात. रेग्युलेटर व्होल्टेज कापतो, मग आतलं सर्किट मध्येच बंद पडतं, रिमोटला दाद देत नाही, कधी जळतंही. एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडा, टेस्टरने वीज बंद असल्याची खात्री करा, रेग्युलेटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना घट्ट जोडून टेप गुंडाळा.

तरीही रिमोट चालेना? मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर बटण दाबा. टोकाचा दिवा जांभळट चमकला तर रिमोट ठीक आहे. नाही चमकला तर आधी सेल बदला आणि स्प्रिंगा बघा, मुंबईच्या दमट खाऱ्या हवेत त्यांवर हिरवट थर चढतो. पॉलिश पेपरने हलकेच घासा. आरएफ (रेडिओ लहरींवर चालणारा) रिमोट मात्र कॅमेऱ्यात चमकत नाही, त्याला ही परीक्षा लागू नाही.