हवेच्या नळीशिवाय खिळा ठोकणारे यंत्र : जांभळी नाक्यावर मिळालेल्या अवजाराविषयी

नमस्कार. आपण लिहिले आहे की ठाण्याच्या जांभळी नाक्याजवळच्या एका भंगारवाल्याकडे आपल्याला पाचएक किलो वजनाचे एक लोखंडी अवजार मिळाले. त्याचा तळ तिरका आहे, माथ्यावर दाबली की खाली जाऊन पुन्हा वर येणारी गोल टोपी आहे, बाजूला खिळ्यांची पट्टी सरकवण्याची खाच आहे, आणि हवेची नळी जोडायला मात्र कुठेही तोंड नाही. हे नेमके काय आहे आणि कॉम्प्रेसर येण्यापूर्वी लोक भराभर खिळे कसे ठोकत असत, असे आपले दोन प्रश्न आहेत. तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रसामग्रीसाठी लाकडी खोकी बनवण्याच्या कामात माझी तीसेक वर्षे गेली असल्यामुळे दोन्हींची उत्तरे देण्याचा प्रयत्न करतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. वर्णनावरून हे लाकडी जमिनीच्या फळ्या ठोकण्याचे हातयंत्र आहे. बॅडमिंटन किंवा स्क्वॉशच्या कोर्टावर मेपलच्या अरुंद फळ्यांची जी जमीन असते, ती अशा यंत्राने बसवतात. ते हवेवर चालत नाही. टोपीवर जड मोगरीचा, म्हणजे रुंद तोंडाच्या हातोड्याचा, घाव घातला की एक खिळा आत जातो. दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या काळात अमेरिकेत ही यंत्रे प्रचारात आली आणि हवेवर चालणाऱ्या यंत्रांच्या गर्दीतही ती अजून टिकून आहेत. ते चालते कसे हे पुढे सांगतोच, पण त्याची रचना तशी का आहे हे समजण्यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल.

खिळा ठोकताना आपला हात काय काय करतो, ते पाहा. एक हात खिळा उचलतो, त्याचे टोक खाली आणतो, तो जागेवर सरळ धरतो. दुसरा हात घाव घालतो. यांतले घाव घालण्याचे काम सर्वांत कमी वेळ खाते. आमच्या कारखान्यातले जुने कारागीर डाव्या मुठीत खिळे घेऊन अशा काही लयीत हलवत की सगळ्यांचे माथे एका बाजूला येत, आणि मग अंगठ्याने एकेक खिळा पुढे सरकवत. बघणाऱ्याला वाटे, वेग हातोडीचा आहे. खरा वेग त्या अंगठ्याचा होता. खिळे ठोकण्याच्या अवजारांनी शे-दोनशे वर्षांत जे साधले, ते म्हणजे ही उचलण्याची, वळवण्याची आणि धरण्याची कामे एकेक करून हातातून काढून घेणे. मात्र त्यासाठी एक अट होती : सगळे खिळे एकसारखे हवेत.

आणि ते हजारो वर्षे एकसारखे नव्हते. लोहार चौकोनी सळई तापवून ऐरणीवर तिचे टोक निमुळते करी, छिन्नीवर ती अर्धवट तोडी, मग भोक पाडलेल्या जाड पट्टीत ती खोवून, वर उरलेला तुकडा चेपून माथा तयार करी. दोन-चार घावांत माथा बसला पाहिजे, नाहीतर लोखंड गार होते. असा प्रत्येक खिळा जाडीला, लांबीला, माथ्याला थोडा निराळाच निघणार. रोमन लोकांनी हे काम किती मोठ्या प्रमाणावर केले याचा पुरावा स्कॉटलंडमधील इंचटुथिल येथील छावणीत सापडला. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस ती छावणी सोडताना सैन्याने सुमारे ८,७५,००० खिळे खड्डा खणून पुरून टाकले होते, बहुधा ते स्थानिक टोळ्यांच्या हाती लागून त्यांची शस्त्रे होऊ नयेत म्हणून. एवढे खिळे करणाऱ्या लोकांकडेही ते ठोकायला हातोडीच होती. वेगवेगळ्या जाडीचे खिळे आपोआप पुढे सरकवणारे यंत्र करणे शक्यच नव्हते. अडकले असते, दुसरे काय.

हातोडीच्या मागच्या बाजूला जी दुभंगलेली जीभ असते, जिने खिळा उपटतात, तीही रोमनांच्या हातोड्यांवर आढळते. लोखंड महाग असल्यामुळे उपटलेला खिळा सरळ करून पुन्हा वापरणे ही तेव्हा काटकसर नव्हती, रीतच होती. पण खिळा उपटताना दांड्यावर आडवा जोर येतो आणि मुंडके ढिले होते. सुताराच्या हातोडीचे मुंडके निसटून अंगावर येण्याचा प्रकार आमच्या पिढीनेही पाहिला आहे. पाऊस संपून दांड्याचे लाकूड सुकले की पाचर सैल पडते आणि मग दांडा पाण्यात भिजत घालण्याचा तात्पुरता उपाय केला जातो. न्यूयॉर्क राज्यातील नॉर्विच गावच्या डेव्हिड मेडोल या लोहाराने १८४० च्या सुमारास यावर जो तोडगा काढला, तो खिळा उपटण्याची जीभ असलेल्या अनेक हातोड्यांत आजही आहे. वाकसाचे, म्हणजे लाकूड तासण्याच्या अवजाराचे, नेढे (दांडा बसवायचे भोक) जसे खालच्या बाजूला लांबवलेले असते, तसे त्याने हातोडीचे नेढे लांबवले. दांडा मुंडक्याला जास्त लांबीवर धरू लागला आणि आडव्या जोराला टिकू लागला. मला हा शोध मोठ्या यंत्रांपेक्षाही जास्त आवडतो, कारण त्यात एकही हलता भाग नाही.

येथे घावाच्या ताकदीबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या यंत्राचे गुपित त्यातच आहे. साधारण ४५० ग्रॅमची हातोडी सेकंदाला ८ मीटर वेगाने खिळ्यावर आली, तर तिच्यात सुमारे १४ ज्यूल ऊर्जा असते. त्या घावाने खिळा ५ मिलिमीटर आत गेला असे धरले, तर तेवढ्या अंतरात लागलेला सरासरी जोर २८०० न्यूटनांच्या आसपास, म्हणजे पावणेतीनशे-तीनशे किलो वजन खिळ्यावर ठेवल्याइतका भरतो. अंगाचा सगळा भार टाकूनही माणूस एवढे दाबू शकत नाही. हातोडी ही लांब अंतरावर साठवलेली ऊर्जा अत्यल्प अंतरात मोकळी करते, एवढेच तिचे काम. घाव जरा तिरका बसला की यातला काही जोर खिळा वाकवण्यात जातो. म्हणून खिळा सरळ धरणे महत्त्वाचे, आणि म्हणूनच सागवान किंवा बाभळीसारख्या लाकडात आपले सुतार आधी सामत्याने किंवा गिरमिटाने भोक पाडून मगच खिळा घालत.

एकसारखे खिळे मिळू लागले ते अठराव्या शतकाच्या शेवटी, लोखंडी पत्र्यातून खिळे कापणारी यंत्रे आल्यावर. अमेरिकेत जेकब पर्किन्स याने १७९५ मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले. त्याच सुमारास, १७९४ पासून, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसन याच्या माँटिचेलो येथील इस्टेटीवर १० ते १६ वर्षांची गुलाम मुले ऐरणीवर हाताने खिळे घडवत होती. पुढे तेथेही कापयंत्र आले. या कापलेल्या खिळ्यांच्या दोन बाजू समांतर आणि दोन निमुळत्या असत, आणि टोक बोथट असे. बोथट टोक लाकडाचे तंतू फाकवण्याऐवजी तोडत आत जाते, त्यामुळे फळी फुटण्याची शक्यता कमी होते. आपल्याकडचा सुतार फळीच्या कडेला खिळा मारण्याआधी त्याच्या टोकावर हातोडीचा एक हलका ठोका देऊन ते बोथट करतो, त्यामागचे कारण हेच आहे. तारेपासून बनवलेले गोल खिळे त्यानंतर एकोणिसाव्या शतकात युरोपातून पसरले आणि १८९० च्या दशकात अमेरिकेत त्यांनी कापलेल्या खिळ्यांना मागे टाकले. आज हार्डवेअरच्या दुकानात आपण ‘दीड इंची’ म्हणून किलोवर घेतो, ते हेच.

आता अट पूर्ण झाली होती, आणि हातातली कामे काढून घेण्याची सुरुवात लहान खिळ्यांपासून झाली. गाद्या-खुर्च्या मढवणाऱ्या कारागिरांचे दोन्ही हात कापड ताणण्यात गुंतलेले असत, म्हणून ते चुका, म्हणजे आखूड बारीक खिळे, तोंडात ठेवत. जिभेने चूक ओठांपर्यंत आणायची, हातोडीच्या चुंबक असलेल्या टोकाने तिचा माथा उचलायचा, एक ठोका देऊन ती रोवायची आणि मग हातोडी उलटून पुरती बसवायची. आपल्या स्टेशनबाहेरचे चांभारही चुका तोंडात धरूनच काम करताना मी पाहिले आहेत, चुंबकाशिवाय. बुटांच्याच धंद्यात, मूळच्या सुरीनामच्या यान मॅट्झेलिगर याने मॅसॅच्युसेट्समधील लिन गावी जे यंत्र केले, त्याचे पेटंट त्याला १८८३ मध्ये मिळाले. फरम्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, चामडे ताणणे, दुमडणे आणि चूक ठोकणे ही तिन्ही कामे ते एकामागून एक करी. कुशल कारागीर हाताने दिवसाला पन्नासएक जोड ताणत असे, यंत्र त्याच्या कितीतरी पट. बुटाच्या इतिहासात हे यंत्र ताणण्यासाठी गाजले, पण माझ्या अधिक लक्षात राहिले आहे ते त्यात एकेक चूक आपोआप पुढे येणे.

हातात धरायच्या साधनांत दोन वाटा दिसतात. एक वाट दाबण्याची : बारीक पिना बसवण्यासाठी एक पोकळ नळी, तिच्यात चुंबक लावलेली दांडी आणि स्प्रिंग. पीन नळीत टाकायची, ती चुंबकाला चिकटून सरळ उभी राहते, मग मुठीने दांडी दाबायची. फोटोफ्रेम करणाऱ्यांकडे हे साधन अजून दिसते. वर सांगितलेल्या हिशोबामुळे ते फक्त बारीक पिनांनाच चालते. जाड खिळ्याला मुठीचा दाब पुरत नाही. दुसरी वाट ऊर्जा साठवण्याची : आपल्या ओळखीची स्टेपल गन. तिचा दांडा दाबताना आतली जाड स्प्रिंग हळूहळू आवळली जाते आणि एका क्षणी अडसर सुटून हातोडा खाली येतो. जॉर्ज मॅकगिल याच्या १८७९ च्या टेबलावरील यंत्रात एका वेळी एकच तारेची पीन घालावी लागे; पिना एकमेकींना चिकटवून त्यांची पट्टी करण्याची युक्ती पुढची. या पट्टीनेच उचलणे, वळवणे आणि धरणे ही तिन्ही कामे एका फटक्यात हातातून गेली.

आपले यंत्र हे या सगळ्यांचे एकत्रीकरण आहे. पट्टी स्टेपल गनसारखी, सरळ धरण्याचे काम नळीसारख्या मार्गाचे, आणि ताकद मात्र जुन्या मोगरीचीच. बाजूच्या खाचेत चपट्या, कडेला दाते असलेल्या खिळ्यांची पट्टी असते आणि मागची स्प्रिंग ती सतत पुढे रेटत असते. टोपीखाली एक जड दट्ट्या आहे आणि दट्ट्याच्या टोकाला अरुंद पोलादी पाते. मोगरीचा घाव पडला की पाते पट्टीतला पहिला खिळा तोडून वेगळा करते आणि मार्गातून खाली ढकलते. घाव संपला की दुसरी स्प्रिंग दट्ट्या वर नेते आणि पुढचा खिळा मार्गात येतो. काही यंत्रांत दट्ट्याला दाते आणि त्यांत अडकणारी खिट्टी (रॅचेट) अशी योजना असते, त्यामुळे लाकूड कठीण असेल तर तो मध्येच वर येत नाही आणि एकच खिळा दोन-तीन घावांत बसवता येतो. आपल्या यंत्रात ती आहे की नाही, हे टोपी हळू दाबून कट्-कट् आवाज येतो का, यावरून कळेल.

तळ तिरका का, हाही प्रश्न आपल्याला पडला असेल. या फळ्यांच्या एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच असते. खिळा जिभेच्या वरच्या कोपऱ्यातून ४५ अंशांत आत जातो, आणि पुढच्या फळीची खाच त्यावर बसली की माथा कायमचा झाकला जातो. शिवाय तिरक्या घावामुळे फळी खाली बसता बसता शेजारच्या फळीकडेही सरकते, म्हणजे सांधा आवळला जातो. हे काम हवेच्या यंत्रात तितके होत नाही असे मोगरीवर हात बसलेले कारागीर सांगतात, आणि मला त्यांचे पटते. मोगरीचे एक तोंड रबराचे असते : त्याने आधी फळी जागेवर सारायची, आणि पोलादी तोंडाने टोपीवर घाव घालायचा. खिळ्याच्या कडेचे दाते एकाच दिशेला असतात, त्यामुळे पावसाळ्यात फळी फुगून उन्हाळ्यात आकसली तरी खिळा सहज वर येत नाही. ठाण्याच्या दमट हवेत हा गुण कमी महत्त्वाचा नाही.

यंत्र चालू करायचे असेल तर आधी खाच रिकामी आहे ना ते पाहा. गंजलेली जुनी पट्टी आत अडकलेली असण्याची शक्यता मोठी आहे. मार्ग आणि खाच रॉकेलने धुऊन, मऊ पितळी ब्रशने घासून, शिलाई यंत्राचे तेल अगदी थोडे लावा. जास्त तेल लावले तर ते फळीवर डाग पाडते. खाली लाकूड न ठेवता टोपीवर घाव घालू नका, पात्याचे टोक दबते. मग खाचेची रुंदी आणि पात्याची जाडी व्हर्नियरने (बारीक मापे घेण्याच्या पट्टीने) मोजा. या यंत्रांचे खिळे एका आकाराचे नसतात, काहींचे माथे इंग्रजी एल अक्षरासारखे तर काहींचे टीसारखे असतात, आणि जाडी १६ किंवा १८ गेज असते. १६ गेजचा खिळा साधारण दीड मिलिमीटरचा, १८ गेजचा त्याहून बारीक, कारण गेजचा आकडा वाढला की जाडी कमी होते. हवेच्या यंत्राच्या साध्या ब्रॅड (बारीक खिळ्यांच्या) पट्ट्या त्यात बसतात असे वाटले तरी घालू नका, माथा मार्गात आडवा होऊन पाते वाकेल. मोजमापे आणि तळावर कोरलेला एखादा क्रमांक असल्यास तो येथे कळवा, म्हणजे कोणत्या जातीची पट्टी मागवायची ते सांगता येईल.