पारा न घालताच पेशी चमकतात, घातल्यावर फरक पडत नाही. रोडामाइन सेन्सरचं काय चुकतंय?

प्रश्नात म्हटलंय की रोडामाइन-बी हा चमकणारा रंग आणि थायोसेमिकार्बाझाइड हा गंधकवाला रेणू जोडून केलेला सेन्सर (पारा भेटला की चमकणारा रेणू) क्युवेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या छोट्या पारदर्शक भांड्यात, पाऱ्याला झकास प्रतिसाद देतो, पण हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) पाऱ्याशिवायच लाल ठिपके दिसतात आणि १० मायक्रोमोलर मर्क्युरिक क्लोराइड (पाऱ्याचा क्षार) घातल्यावरही चित्र जवळपास तेच राहतं. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एकाच उपायाने दोन्ही सुटणार नाहीत.

आधी ठिपके. सेन्सरच्या रेणूतलं स्पायरोलॅक्टम नावाचं वलय बंद असेपर्यंत द्रावण रंगहीन असतं. ते उघडलं की गुलाबी होतं आणि ५८० नॅनोमीटरच्या आसपास चमकतं. पण वलय नुसत्या आम्लानेही उघडतं, आणि लायसोसोममधला (पेशीतल्या आम्लधर्मी पिशव्यांमधला) पीएच साडेचार ते पाच असतो. म्हणून पारा नसलेल्या एका डिशमध्ये लायसोट्रॅकर ग्रीन (लायसोसोम हिरवे दाखवणारा रंग) घालून ठिपके त्यावर बसतात का पाहा. दुसऱ्या डिशमध्ये १० मिलिमोलर अमोनियम क्लोराइड घाला. ठिपके विझले तर तो आम्लाचाच प्रताप. दोन्ही एकाच डिशमध्ये करू नका, अमोनियम क्लोराइडने लायसोट्रॅकरही निसटतो. शिवाय क्युवेटमध्ये पाऱ्याविना पीएच ४ ते ८ अशी मालिका घ्या. पाचलाच रेणू लखलखत असेल तर पेशींसाठी तो निरुपयोगी आहे, रचनाच बदलावी लागेल.

काही ठिपके मात्र निव्वळ गाळाचे असतात. डीएमएसओ या द्रावकातला सेन्सरचा स्टॉक (दाट मूळ द्रावण) थेट पेशींवर टाकला की कण पडतात आणि तेच चमकतात. २ मिलिमोलर स्टॉकचे ५ मायक्रोलिटर आधी वेगळ्या नळीत २ मिलिलिटर बफरमध्ये मिसळा (५ मायक्रोमोलर, डीएमएसओ ०.२५ टक्के), मग पेशींवर घाला. ३७ अंशांना ३० मिनिटं, तीन धुण्या, मग पारा.

आता दुसरी तक्रार. पारा गंधकाचा भुकेला. सीरम (रक्तद्रव) असलेल्या माध्यमात अल्ब्युमिन हे प्रथिन आणि सिस्टीन हे गंधकवालं अमिनो आम्ल त्याला बाहेरच पकडतात, आणि आत शिरलाच तर मिलिमोलर पातळीवरचं ग्लुटाथायोन (पेशीतला गंधकवाला छोटा रेणू) टपलेलं असतं. म्हणून पारा द्यायच्या वेळी सीरम आणि फिनॉल रेड (माध्यमातला पीएच दाखवणारा रंग) नसलेला, ग्लुकोज असलेला हेपीस बफर वापरा, पीएच ७.४. आणि पेशींत जाण्याआधी क्युवेटमध्येच १ मिलिमोलर ग्लुटाथायोनसमोर सेन्सर चालतो का बघा. इथे एक हमखास फसगत होते: ग्लुटाथायोनचं ताजं द्रावण चांगलंच आम्लधर्मी असतं. ते सोडियम हायड्रॉक्साइडने ७.४ वर आणलं नाही तर वलय आम्लाने उघडतं आणि सेन्सर ग्लुटाथायोनला पुरून उरला असं वाटतं. पाऱ्याचा स्टॉक नायट्रिक आम्लात असेल तर तेवढंच आम्ल घातलेला पण पारा नसलेला ब्लँकही हवाच.

मर्क्युरिक क्लोराइडचा डोस चढवत नेणं हा उपाय नव्हे. सीरमविना पेशी लवकर मरतात, आणि मेलेल्या पेशीचं आवरण गळकं झालं की रंग कुठेही शिरतो. मरण तपासायला प्रोपिडियम आयोडाइड (मेलेल्या पेशी लाल करणारा रंग) वापरू नका, त्याचा लाल तुमच्या लालात मिसळेल, कॅल्सीन-एएम (जिवंत पेशी हिरव्या करणारा रंग) घ्या. चोवीस तासांची एमटीटी (पेशी जिवंत आहेत का याची रंगचाचणी) करून सेन्सर विषारी नाही असं म्हणणारे पुष्कळ भेटतील, पण प्रयोगातल्या अर्ध्या तासाबद्दल ती काही सांगत नाही.

सूक्ष्मदर्शकावर ५६१ नॅनोमीटरचा लेझर, ५७५ ते ६५० नॅनोमीटरमध्ये उत्सर्जन. लेझरची ताकद आणि डिटेक्टरचा गेन (संवेदनशीलता) सगळ्या डिशना एकच ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. फक्त सेन्सर, फक्त पारा, दोन्ही, आणि दोन्हींपैकी काहीच नाही अशा चार डिश किमान लागतात.

या रेणूत पारा गंधक काढून घेतो आणि ऑक्साडायाझोलचं वलय तयार होतं, म्हणजे प्रतिसाद परतत नाही. नंतर चिलेटर (धातू पकडून ठेवणारा रेणू) घालून चमक गेली नाही म्हणून घाबरू नका. चिलेटरची तुलना करायची तर तो पाऱ्याआधी द्या. चांदीचे आयनही हाच उद्योग करतात, ते निवडकतेच्या यादीत घ्या.

धुण्यांचं सगळं पाणी सिंकमध्ये नाही, पाऱ्याच्या कचऱ्याच्या वेगळ्या बाटलीत.